सातशे पाच वॅट

बिरादार सर कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढत नाहीत, आधी प्लगपॉइंट शोधतात. दारातूनच त्यांची नजर भिंतीवर फिरते. घरचा माणूस "या सर, बसा" म्हणेपर्यंत खांद्याच्या पिशवीतून मीटर निघालेलं असतं, त्याची लाल-काळी टोकं सॉकेटमध्ये गेलेली असतात आणि सर कपाळाला आठ्या घालून काट्याकडे बघत असतात. "दोनशे सतरा," ते जाहीर करतात. मग चप्पल काढतात, मग बसतात, आणि मग "घरची मंडळी बरी हायत ना" असं विचारतात. उदगीरच्या आमच्या कॉलनीत आता सगळ्यांना याची सवय झाली आहे. घरात नवी सून आली की सासू तिला आधीच सांगून ठेवते, एक उंच म्हातारे गृहस्थ येतील आणि कुणाशी न बोलता सरळ भिंतीकडे जातील, घाबरू नको, पाण्याचा तांब्या भरून ठेव.

माझं आणि सरांचं घर एका भिंतीचं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता, आणि वीज गेली की बोटं मोडण्यापुरता होता. सर मात्र तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचे शिक्षक होते, कधी लातूरला, कधी नांदेडला, शेवटी उदगीरला. त्यामुळे या पट्ट्यात कुठल्याही खांबावर चढलेला माणूस खाली वाकून "नमस्कार सर" म्हणतो. सर खालून ओरडतात, "नमस्कार राहू दे, पट्टा बांध आधी."

मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात माझा फ्यूज तीनदा उडाला. तिसऱ्या वेळी मी वैतागून त्यात चांगली जाड तांब्याची तार घातली आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला. सर मीटर घेऊन आले आणि त्यांनी फ्यूज काढून बघितला. मग म्हणाले की म्याडम, राखणदार ओरडतो म्हणून तुम्ही त्याला कायमचाच झोपवला. त्यांनी ती तार काढली, माझी शेगडी उलटी केली आणि आतली कॉइल दाखवली. कॉइल तुटली होती तेव्हा मी तिची दोन टोकं ओढून पीळ घालून जोडली होती, आपल्याकडे सगळे जोडतात तशी. सरांनी त्यावर मला अर्धा तास शिकवलं. कॉइल तोकडी झाली, म्हणजे विजेला अडवणारी तार कमी झाली, म्हणजे जास्त वीज धावली, म्हणून फ्यूज उडाला. त्याच्यावर रागावण्याचं काही कारण नव्हतं, तो त्याचं काम करत होता.

जाताना त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं एक त्रिकोण काढला. वरच्या घरात व्ही, खालच्या दोन घरांत आय आणि आर. जे पाहिजे त्याच्यावर अंगठा ठेवायचा, उरलेलं उत्तर सांगतं. रोध, म्हणजे तारेची ती अडवणूक, पाहिजे तर आरवर अंगठा, वर राहिला व्ही, खाली आय, म्हणजे व्होल्टेज भागिले अँपिअर. आणि वॅट पाहिजेत तर त्याच दोघांचा गुणाकार. मी तो त्रिकोण पुसणार होते, पण सर चार दिवसांनी येऊन बघतात आणि फिकट झाला असला तर पुन्हा गडद करतात, त्यामुळे तो अजून आहे. दिवाळीत भिंत रंगवली तेव्हा रंगाऱ्यालाही तो सोडून रंगवायला लावलं.

सरांचं एक वाक्य सगळ्या उदगीरला पाठ आहे, "आधी शून्य, मंग आकडा." रोध मोजायचा तर मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना टेकवायची आणि काटा शून्यावर येतो का ते बघायचं. नाही आला तर बाजूची चकती फिरवून आणायचा, आणि मगच मोजायला लागायचं. हे झालं मीटरपुरतं. पण सर ते कुठेही लावतात. भाजीवालीच्या काट्याला लावतात, "मावशी, पारडं रिकामं करून दाखवा." डॉक्टरांनी एकदा त्यांचं बीपी घेऊन दीडशे सांगितलं, तेव्हा यांनी पट्टा दंडालाच असताना विचारलं, "शून्य लावलं व्हतं का?" डॉक्टरांनी त्यांचं बीपी दुसऱ्यांदा घेतलं तर एकशे साठ आलं. सर म्हणाले, दोन आले, आता तिसऱ्यांदा घ्या, कुठलीबी गोष्ट तीनदा मोजल्याबगर खरी धरायची न्हाई.

माणसंसुद्धा ते वॅटमध्ये मोजतात. आमचे प्राचार्य त्यांच्या मते साठचे आहेत, "पण दुकानातून शंभरचे म्हणून आणले." कोपऱ्यावरची इस्त्रीवाली बाई साडेसातशेची आणि तिचा नवरा इंडिकेटर, नुसता लाल दिसतो. मी किती वॅटची, असं मी एकदा विचारलं होतं. तुमचं होल्टेज चढउतार करून राहतं, म्हणाले, अजून आकडा पक्का न्हाई.

एवढं बोलणारा माणूस आपल्या मुलीशी मात्र फक्त आकड्यात बोलत असे. अश्विनी नववीत असताना तिची आई गेली. घरात दोघंच राहिली. सरांना वेणी घालता येईना, तिला भाकरी करता येईना, आणि रडणं दोघांनाही जमेना. मग सरांनी तिला मीटर शिकवलं. शाळेतून आली की बाप-लेक बसून सगळ्या घराचा रोध मोजत. बल्बचा, पंख्याचा, इस्त्रीचा. दिवाळीत ती अंगणात रांगोळीनं तोच त्रिकोण काढायची, वर हळद, खाली कुंकू. तिचं लग्न देगलूरला ठरलं तेव्हा रुखवतात इतर वस्तूंच्या मध्ये, साखरेच्या तुळशीवृंदावनाच्या शेजारी, सरांनी एक कोरं करकरीत मीटर ठेवलं होतं. बायका त्याला फोन समजून उचलून बघत होत्या.

लग्नानंतर रोज सकाळी सव्वासहाला अश्विनीचा देगलूरहून निरोप यायचा. नुसता आकडा, "२२७". सर इकडून आपला पाठवायचे, "२१९". झालं बोलणं. मी एकदा म्हटलं, "सर, तिला जेवलीस का, बरी आहेस का, असं काही विचारत जा की." ते म्हणाले, "म्याडम, सकाळी उठून, मीटर काढून, मोजून, टाइप करून पाठवून राहिली म्हणजे बरीच हाय ना ती." मला तेव्हा पटलं नव्हतं.

मग सोळा महिन्यांपूर्वी तो आकडा यायचा बंद झाला. त्याला निमित्त झालं पाणी तापवायच्या एका रॉडचं.

अश्विनीचे सासरे शिवराजअप्पा यांचं देगलूरला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांतलं गिऱ्हाईक सांभाळणारा, मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आहेर म्हणून टॉवेल-टोपीऐवजी प्रत्येक पाहुण्याला दुकानातला एकेक रॉड दिला, हजार वॅटचा, खोक्यासकट. टॉवेल चार दिवस राहतो, रॉड चार हिवाळे राहतो, असं म्हणून दिला. पंगत बसलेली, पानं वाढलेली. शेजारच्या एका पाहुण्यानं सहज विचारलं, "सर, बघा बरं, माल कसा हाय?" एवढं विचारणं पुरलं. सरांनी पिशवीतून मीटर काढलं.

तिथं प्लगपॉइंट जवळ नव्हता, म्हणून त्यांनी रॉडच्या पिनांना मीटर लावून नुसता रोध मोजला. काटा पंच्याहत्तरावर थांबला. हजारच्या रॉडला हवा होता त्रेपन्न. सरांनी डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला आणि मोठ्यानं सांगितला, वर्गात सांगावा तसा: "दोनशे तीस गुणिले दोनशे तीस, बावन्न हजार नऊशे. भागिले पंच्याहत्तर. सातशे पाच. ह्यो हजारचा न्हाई, सातशे पाचचा हाय."

तो आकडा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लोक जेवता जेवता खोक्यांकडे बघायला लागले. अप्पा स्वतः भात वाढत होते. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. माझ्या दारात, माझ्या वास्तूला, माझ्या मालाचा पंचनामा करता का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "म्या काय म्हणलो न्हाई अप्पा, मीटर म्हणून राहिलं." त्यानंतर कुणी काय म्हटलं ते सरांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की अप्पांनी येणं-जाणं बंद केलं. सर येऊन शब्द मागे घेईपर्यंत या घरातून उदगीरला कुणी जायचं नाही.

दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला. भिंत एकच असल्यामुळे सरांचं बोलणं मला ऐकू आलं. ती काही समजावत असावी. सर शेवटी एवढंच म्हणाले, "बाई, माणूस सोडता येतो, आकडा सोडता येत न्हाई." तिकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तीही सरांचीच मुलगी.

त्या दिवसापासून सर सकाळी आपला आकडा मोजत आणि तो कुणाला पाठवायचा नाही म्हणून मोठ्यानं बोलत. सव्वासहाला भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दोनशे एकोणीस." मग शांतता. मला ती शांतता फार वाईट वाटायची, कारण ती उत्तरासाठी ठेवलेली असायची.

आहेराचा तो रॉड त्यांनी कपाटावर ठेवला होता, खोक्याला चिकटपट्टी लावून, वर जाड पेनानं "७०५" लिहून, जसा काही खटल्यातला पुरावा. मी समजूत घालायला गेले की बोट वर करून तो दाखवत. मी एकदा म्हटलं की परत एकदा मोजून तरी बघा, तर चिडले. काय मोजायचं त्याला पुन्हा, म्हणाले. सगळं तीनदा मोजणारा माणूस हे एकच एकदा मोजून थांबला होता. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आता वाटतं, त्यांनाही आतून भीती वाटत असावी. आकडा खरा असेल तर मुलगी गेली ती निदान खऱ्यासाठी गेली, एवढाच त्यांना आधार होता.

या हिवाळ्यात माझा गिझर बंद पडला. उदगीरची डिसेंबरातली सकाळ, टाकीतलं पाणी बोटाला चावणारं, आणि पहिला तास साडेसातचा. मी सरांच्या दारात बादली घेऊन उभी राहिले. सर स्वतः बारा महिने गार पाण्यानं अंघोळ करतात, त्यामुळे घरात रॉड एकच, तो कपाटावरचा. त्यांनी स्टूल ओढलं. मग पुरावा खाली उतरवला आणि चिकटपट्टी काढली.

रॉड देताना त्यांनी माझ्या बादलीत थर्मामीटर बुडवला. पाणी वीसला होतं. अंघोळीला पंचेचाळीस पुरे. बादली पंधरा लिटरची. त्यांनी भिंतीवरच आकडेमोड केली आणि निकाल दिला, "सातशेचा हाय, वेळ लावंल. अडतीस मिनिटं. तोपर्यंत तुमच्या कविता-बिविता तपासा. अन् बटण बंद केल्याबगर पाण्यात हात घालू नका."

मी त्यांचं अक्षरशः ऐकलं. घड्याळ लावून अडतीस मिनिटं निबंध तपासले, बटण बंद केलं, पिन काढली आणि पाण्यात बोट घातलं. ओरडलेच मी. पाण्यातून वाफा निघत होत्या. दोन तांबे गार पाणी घालूनही ते कढतच होतं. अंघोळ करून मी सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, तुमचा सातशेचा रॉड फारच मन लावून काम करतो.

त्यांनी आधी माझ्यावरच संशय घेतला. बादली अर्धी भरली असेल. नव्हती. घड्याळ चुकलं असेल. नव्हतं. मग सर उठले, त्यांच्या कामाचा बोर्ड घेतला, ज्यात एक तार मुद्दाम सुटी काढलेली आहे, त्या तारेभोवती आपला चिमट्याचा अँपिअर मीटर लावला आणि रॉड पुन्हा पाण्यात सोडला. मला वही दिली. आयटीआयची शिस्त अशी, की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, म्हणजे मनासारखा आकडा लिहिला जात नाही.

"होल्टेज दोनशे सव्वीस," सर म्हणाले. मी लिहिलं. "अँपिअर..." ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. "चार पॉइंट तीन."

मी आता एवढी अडाणी राहिले नव्हते. मनातल्या त्रिकोणात आरवर अंगठा ठेवला. दोनशे सव्वीस भागिले चार पॉइंट तीन. साडेबावन्न ओहम. आणि गुणाकार केला तर नऊशे बहात्तर वॅट, तेही व्होल्टेज जरा कमी असताना. पूर्ण दोनशे तीस असते तर हजाराला पोचला असता. रॉड अस्सल हजारचा होता. मी ते वहीत लिहिलं, पण मोठ्यानं वाचलं नाही.

सरांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चार पॉइंट तीन. मग त्यांनी सगळं बंद केलं आणि ते स्टूल ओढून भिंतीला टेकून बसले. मी चहा करून आणला तर त्यांचा हात पुढे येईना. मला त्यांची इतकी दया आली की मीच काहीतरी बोलले, मीटर जुनं असेल, सेल उतरले असतील.

"सेल उतरलेच व्हते," ते म्हणाले. "उदगीरला येऊन दुसऱ्याच दिवशी बदलले म्या. उतरलेल्या सेलवर काटा जास्तच दाखवतो. म्हणून तर शून्य लावायचं असतं म्याडम. शून्य लावलं असतं तर तिथंच कळलं असतं." मग म्हणाले, "म्या शून्य लावलं न्हाई."

उदगीरभर भाजीवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शून्य लावायला लावणारा हा माणूस एकदाच विसरला होता, आणि तेही व्याह्याच्या पंगतीत. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात उभे. देगलूरला चला, म्हणाले. वाचायला मी हाय, लिहायला कुणीतरी पाहिजे.

एसटीत त्यांनी रॉडचं खोकं मांडीवर धरलं होतं, लहान मूल धरावं तसं. अर्ध्या रस्त्यात, मी काही विचारलेलं नसताना, ते खिडकीबाहेर बघत बोलले. त्या दिवशी शून्य लावायला त्यांनी मीटरची टोकं हातात घेतली होती. तेवढ्यात अश्विनी मठ्ठ्याची बादली घेऊन पंगतीत आली. तिनं पदर कमरेला खोचला होता आणि डाव्या हातानं कपाळावरचे केस मागे सारत होती. "तिची आई हुबेहूब अशीच वाढायची," सर म्हणाले. "म्या बघतच राहिलो. अन् मग शेजारच्यानं काय दाखवलं काटा, म्हणून विचारलं, तवा टोकं रॉडलाच लागलेली व्हती." एवढं बोलून त्यांनी मांडीवरचं खोकं सरळ केलं.

अप्पांचं दुकान भर बाजारात. रविवार असूनही पाच-सात गिऱ्हाइकं उभी होती. अप्पांनी सरांना बघितलं आणि हातातली वायर मोजायची थांबवली. खुर्ची पुढे केली, कारण ते घरंदाज आहेत, पण "या" म्हणाले नाहीत. सर खुर्चीत बसले नाहीत. आणि माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा बघितलं, बिरादार सर एका जागी पाच मिनिटं उभे राहिले आणि त्यांनी प्लगपॉइंट शोधला नाही.

"अप्पा," ते म्हणाले, आणि आवाज वर्गातला लावला, दुकानाबाहेर ऐकू जाईल असा. "तुमचा रॉड हजारचा हाय. म्या सातशे पाच म्हणलो ते चूक. मीटर चुकलं न्हाई, म्या चुकलो. पंगतीत बोललो व्हतो, म्हणून चारचौघांत सांगून राहिलो."

एका गिऱ्हाइकानं शेजारच्याला तेलुगूत विचारलं, "एमैंदी?" काय झालं म्हणून. शेजारच्यानं हळूच सांगितलं आणि त्यात "सातशे पाच" एवढं मला कळलं. ते ऐकून अप्पांचा चेहरा बदलला. मग मला उलगडा झाला. त्या वास्तुशांतीपासून अख्खं देगलूर त्यांना सातशे पाच अप्पा म्हणत होतं. रस्त्यानं जाताना पोरं आकडा ओरडत. बाजारात कुणी वजनाला कमी दिलं की म्हणत, सातशे पाच करू नको.

"सोळा महिने, सर," अप्पा म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज, पण तो फुटला. "चाळीस वर्षं दुकान हाय माझं. एक आकडा तुम्ही बोलला, अन् ते सगळं गेलं."

सरांनी हात जोडले. नुसते जोडले नाहीत, खाली वाकले. अप्पांनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आले आणि त्यांना दंडाला धरून उभं केलं.  मग अप्पांनीच पुढचा मार्ग काढला. फळीवरून दुसरा रॉड काढला आणि सरांपुढे ठेवला. हा बघा, म्हणाले. मग तिसरा ठेवला. सगळेच बघा सर, आज होऊनच जाऊ द्या, माझ्या गिऱ्हाइकांसमोर.

सरांनी पिशवीतून मीटर काढलं. दोन टोकं हवेत उंच धरून, सगळ्यांना दिसतील अशी एकमेकांना टेकवली. काटा शून्यावर आला. त्यांनी तो एकेका गिऱ्हाइकाला दाखवला, आरतीचं ताट फिरवावं तसा. मग पुढचा तासभर ते रॉड मोजत होते, मी लिहीत होते आणि अप्पा प्रत्येक आकडा मोठ्यानं बाजाराला ऐकवत होते. त्रेपन्न. बावन्न. त्रेपन्न. एक दुसऱ्या कंपनीचा रॉड पासष्टवर गेला. सरांनी भीतभीत अप्पांकडे बघितलं. तिसऱ्यांदा मोजूनही पासष्टच. अप्पांनी तो उचलून कोपऱ्यात ठेवला आणि गडगडाटी हसले. "परत पाठवतो ह्येला. सर, महिन्यातून एकदा येत जावा."

दुकानाच्या मागेच घर. आतून चहाचा ट्रे घेऊन अश्विनी आली. सरांना बघून ती दारातच थांबली. सरांच्या हातातली मीटरची टोकं तशीच राहिली.

ती काही बोलण्याआधी सरांनीच सांगून टाकलं, एका दमात, विद्यार्थ्यानं कबुली द्यावी तसं, की त्या दिवशी त्यांनी शून्य लावलं नव्हतं.

"मला माहीत हाय," अश्विनी म्हणाली. "मी मठ्ठा वाढत व्हते. मला दिसलं व्हतं."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तवाच का बोलली न्हाईस, एवढंच त्यांनी विचारलं.

"चाळीस माणसांत माझ्या बापाला चूक म्हणू? अन् फोनवर म्हणले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही सासरची झाली." ती उंबरा ओलांडून पुढे आली. "तुम्ही कुठलीच गोष्ट एकदा मोजून थांबत न्हाई, बाबा. मला वाटलं, आज मोजतील, उद्या मोजतील. रोज सकाळी मी वाट बघून राहिले."

अप्पांनी तिच्या हातातला ट्रे घेतला. सोळा महिने आपली सून कुणाची बाजू राखत होती ते त्यांनाही त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गिऱ्हाइकांना चहा द्यायला वळले. सर पुढे झाले. त्यांना मुलीला जवळ घेता येत नाही, कधीच आलं नाही. त्यांनी मीटर तिच्या हातात दिलं. तिनं टोकं एकमेकांना टेकवली, काटा बघितला, चकती केसभर फिरवली आणि मीटर परत बापाच्या हातात दिलं. मग दोघंही रडली, एकदाची. मीही रडले, आणि माझ्या हातातल्या वहीतला एक त्रेपन्न पुसट झाला.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो. सरांनी वाटेत दोनदा फोन काढून तो चालू आहे का ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला सहाला जाग आली. बाहेर थंडी, गिझर अजून बंदच. मी उठून भिंतीजवळ उभी राहिले. सव्वासहाला पलीकडून आवाज आला, "दोनशे एकोणीस." मग नेहमीची शांतता. ती लांबली. मी चहाचं पातेलं हातात धरून उभी. मग फोन वाजल्याचा एक छोटा आवाज झाला, आणि त्यानंतर भिंतीवर टकटक.

"म्याडम, उठला का?" सर पलीकडून म्हणाले. "देगलूरला दोनशे एकतीस हाय."

इतक्या वर्षांत व्होल्टेजबद्दल मी त्यांना आपण होऊन कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "चांगलं आहे का हो सर?"

 ते म्हणाले, "लई चांगलं हाय."